दमेकरी वडिलांना त्र्यंबकला न्यावे का? डोंगरातल्या हवेचा महिनावार हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले वडील अडुसष्ट वर्षांचे असून नाशिकला इंदिरानगर भागात राहतात. त्यांना चार वर्षांपूर्वी सीओपीडीचे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन धाप लागणाऱ्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, निदान झाले, त्यात थोडा दम्याचाही भाग आहे आणि गेले दोन हिवाळे त्यांना जड गेले. इंदिरानगरचा फ्लॅट विकून त्र्यंबकेश्वरला डोंगराच्या पायथ्याशी घर घ्यावे आणि त्यांना कायमचे तिकडे न्यावे, असा घरच्यांचा विचार आहे. नातेवाईक सांगतात की डोंगरातली हवा शुद्ध असते. त्र्यंबकचेच एक परिचित मात्र थंडीत तिथे धूर कोंडतो असे सांगतात, आणि मोबाइलवरचा हवेच्या गुणवत्तेचा आकडा या दोघांशीही जुळत नाही. यातले कोणाचे खरे धरायचे, असे आपण विचारले आहे.

नाशिकमध्ये छातीच्या विकारांचा डॉक्टर म्हणून मी सत्तावीस वर्षे काम करतो आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी पुष्कळ जण त्र्यंबक, हरसूल, पेठ आणि इगतपुरीकडचे असतात. त्या अनुभवावरून सांगतो की दोघेही खरे बोलत आहेत, पण ते वेगवेगळ्या महिन्यांबद्दल आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळांबद्दल बोलत आहेत. डोंगरातल्या गावाची हवा वर्षभर एकसारखी राहत नाही. ती ऋतूप्रमाणे बदलते, पहाटेची आणि दुपारची वेगळी असते, आणि एकाच गावात वरच्या आळीत एक तर खालच्या आळीत दुसरी असते. म्हणून आपल्या वडिलांना नेमका कशाचा त्रास होतो आणि ती गोष्ट त्र्यंबकला कोणत्या महिन्यात असते, एवढे ठरवले की पुढचा निर्णय सोपा होतो.

आधी एक जुना समज बाजूला ठेवावा लागेल. क्षयावर औषध नव्हते त्या काळात रुग्णांना कोरड्या, मोकळ्या हवेच्या ठिकाणी ठेवत असत, आणि आपल्याकडे देवळालीची सॅनेटोरियम त्यामुळेच नावारूपाला आली. 'नाशिककडची हवा छातीला चांगली' ही समजूत तिथून आलेली आहे. पण देवळाली सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेच्या बाजूला असल्यामुळे तुलनेने कोरडी आहे. त्र्यंबक ऐन घाटमाथ्याजवळ आहे आणि तिथे नाशिक शहराच्या दोन-तीन पट पाऊस पडतो. देवळालीच्या हवेची कीर्ती त्र्यंबकला लागू करणे म्हणूनच चुकीचे ठरते. उंचीचा मुद्दाही फारसा महत्त्वाचा नाही. त्र्यंबक समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर आहे आणि नाशिक सुमारे ६०० मीटरवर. एवढ्याशा फरकाने हवेतला प्राणवायू आपल्या वडिलांना जाणवेल इतका कमीही होत नाही आणि हवा त्यामुळे स्वच्छही होत नाही.

आता हिवाळ्याचे पाहू, कारण आपल्या परिचितांनी सांगितलेला धूर याच दिवसांतला आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आकाश निरभ्र असते, वारा मंद असतो आणि सूर्य मावळला की जमीन झपाट्याने थंड होते. जमिनीला लागून असलेली हवा थंड होऊन जड होते आणि ब्रह्मगिरी, गंगाद्वार व नीलपर्वत यांच्या उतारांवरून पाण्यासारखी खाली वाहत येऊन गावाच्या खोलगट भागात साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो आणि तो झाकणासारखे काम करतो. हवामानशास्त्रात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. उन्हाळ्याच्या दुपारी जमिनीवरचा धूर दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून विरळ होतो. थंडीच्या रात्री मात्र त्याला मिसळायला शे-दोनशे मीटरचीच जागा मिळते. धूर तेवढाच निघाला तरी श्वासात येणारे त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते ते यामुळे.

तो धूर येतो कुठून, हेही पाहिले पाहिजे. त्र्यंबकला कारखाने नाहीत, पण संध्याकाळच्या चुली आहेत, घरोघरच्या आणि लॉजसमोरच्या शेकोट्या आहेत, जाळला जाणारा कचरा आहे, आणि पहाटेच्या विधींसाठी आलेल्या यात्रेकरूंना गरम पाणी मिळावे म्हणून चारपासून लाकडावर पेटणारे बंब आहेत. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तेव्हा दिंड्यांच्या मुक्कामामुळे चुलींची आणि वाहनांची संख्या एकदम वाढते आणि हे दिवस नेमके कडाक्याच्या थंडीचे असतात. अशा सकाळी ब्रह्मगिरीच्या पायऱ्या थोड्या चढून मागे वळून पाहिले, तर गावावर पसरलेला निळसर करडा पट्टा स्पष्ट दिसतो. वर उभ्या असलेल्या माणसाला स्वच्छ हवा मिळते आणि खाली मंदिराच्या परिसरातला माणूस धुरात श्वास घेत असतो. दोघांच्या उंचीत फरक असतो तो शंभर-दीडशे मीटरचा. ऊन चढून जमीन तापली की साधारण साडेनऊ-दहाच्या सुमारास हा थर मोडतो, धूर वर उचलला जातो, आणि दुपारी तेच गाव नाशिकपेक्षा किती तरी स्वच्छ असते.

हा दैनंदिन चढउतार नीट समजून घ्यावा असे मी मुद्दाम सांगतो, कारण पहाटे फिरायला जाणे आरोग्यदायी असते असा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. हिवाळ्यात खोलगट जागी राहणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णाला तो अपाय करतो. थंड हवेने श्वासनलिका आकसतात आणि त्याच वेळी धुरातले सूक्ष्म कण सर्वाधिक असतात. आपल्या वडिलांनी डिसेंबर-जानेवारीत, मग ते नाशिकला असोत वा त्र्यंबकला, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतच बाहेर फिरावे. पूर्वेकडे निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यातही या दिवसांत द्राक्षबागा थंडीपासून वाचवण्यासाठी रात्री शेकोट्या पेटवतात, त्यामुळे त्या बाजूला घर घेऊनही हा प्रश्न सुटणार नाही.

फेब्रुवारी सरला की धुराचे स्वरूप बदलते. डोंगरावरचे गवत वाळते आणि वणवे सुरू होतात. ब्रह्मगिरी व अंजनेरीच्या उतारांवर रात्री पेटलेली लाल रेघ त्र्यंबककरांना परिचयाची आहे. एप्रिल-मेमध्ये राब भाजण्याची कामे चालतात. ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो की भाताची किंवा नागलीची रोपे जिथे करायची, त्या तुकड्यावर पालापाचोळा, डहाळ्या, गवत आणि शेण यांचा थर पसरतात व तो पेटवतात. त्यामुळे तणाचे बी जळते, जमिनीतली कीड मरते आणि राखेमुळे रोपांना सुरुवातीचे पोषण मिळते. याला आता गादीवाफ्याचा, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यावर रोपे करण्याचा, पर्याय आहे आणि कृषी विभाग तो सुचवतोही. पण जळणासाठी लाकूड आणि शेण गोळा करण्याचे कष्ट ज्यांनी केले त्या शेतकऱ्याकडे बोट दाखवून आपण शहरातल्या माणसांनी मोकळे होणे मला योग्य वाटत नाही, कारण वर्षभराच्या हिशेबात राबाचा धूर थोड्या दिवसांचा आणि थोड्या तासांचा असतो. शिवाय या दिवसांत दुपारनंतर घाटाकडून पश्चिमेचा जोरदार वारा येतो आणि धूर फार वेळ टिकत नाही. वणवा रात्री लागला तर मात्र तो धूर उताराच्या थंड हवेबरोबर खाली येतो. त्या रात्री खिडक्या बंद ठेवाव्यात आणि सकाळी उशिरा उघडाव्यात.

उन्हाळ्यातली धूळ हा वेगळा विषय आहे. धुळीचे बहुतेक कण मोठे असतात, ते नाकात व घशात अडकतात आणि खोकला आणतात. फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचणारे कण २.५ मायक्रॉनपेक्षा लहान असतात, त्यांना पीएम २.५ म्हणतात, आणि ते मुख्यतः जळण्यातून येतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची व बांधकामांची कामे सुरू असल्याने नाशिक-त्र्यंबक रस्त्यालगत घर पाहत असाल, तर तूर्त तरी ते टाळा. कधी कधी धूळ फार दुरूनही येते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या धुळीच्या वादळाने मुंबईपर्यंत आकाश मळकट झाले होते. अशा दोन-तीन दिवसांवर कोणाचाच इलाज नसतो, घरात राहणे एवढेच हातात असते.

पावसाळ्याबद्दल मला जास्त सांगायचे आहे, कारण घर घेणारी बहुतेक कुटुंबे तिथेच फसतात. जूनमध्ये पहिल्या चार-सहा सरी पडल्या की हवेतली धूळ आणि धूर अक्षरशः धुऊन निघतो, पश्चिमेचा समुद्रावरचा वारा सतत वाहतो आणि सूक्ष्म कणांचे प्रमाण वर्षातले सर्वात कमी होते. याच दिवसांत मंडळी त्र्यंबकला सहलीला जातात, हिरवे डोंगर आणि धबधबे पाहतात, वडिलांना दोन दिवस छान वाटते आणि घराचा व्यवहार ठरतो. जूनची हवा खरोखरच उत्तम असते. पण भिंती तेव्हा अजून कोरड्या असतात. जुलैच्या मध्यापासून ओल भिंतीत चढते, गाद्या-उशा दमट राहतात, कपाटामागे आणि छताच्या कोपऱ्यात काळी-हिरवी बुरशी धरते, आणि आर्द्रतेवर वाढणारे धुळीतले सूक्ष्म किडे अंथरुणात बेसुमार होतात. बुरशीचे बीजाणू आणि या किड्यांची विष्ठा दम्याच्या रुग्णाला फार त्रास देते. यातले काहीही पीएम २.५ च्या आकड्यात ओळखू येत नाही. आकडा 'उत्तम' म्हणत असतानाच रुग्णाला रात्री दोनला घरघर सुरू होऊन उठून बसावे लागते.

असे एक सेवानिवृत्त शिक्षक माझ्याकडे होते. त्यांनी मेमध्ये डोंगराकडेला घर घेतले, जूनमध्ये श्वासातून औषध घेण्याच्या पंपाची गरज जवळजवळ संपल्याचे आनंदाने कळवले आणि ऑगस्टमध्ये त्यांना धाप लागलेल्या अवस्थेत रात्री नाशिकला आणावे लागले. त्यांच्या पलंगाची डोक्याकडची भिंत डोंगराच्या बाजूची होती आणि ती हाताला ओली लागत होती. पलंग आतल्या भिंतीकडे घेतला, गादी बदलली आणि पावसाळ्याचे तीन महिने ते शहरात मुलाकडे राहू लागले, तेव्हा पुढची वर्षे बरी गेली.

पावसाळ्यातच चुलीचा प्रश्नही तीव्र होतो, कारण सरपण ओले असते, ते नीट पेटत नाही, धूर जास्त होतो आणि दारे-खिडक्या पावसामुळे बंद असतात. उज्ज्वला योजना १ मे २०१६ पासून सुरू झाली आणि गॅसची जोडणी वाड्या-पाड्यांपर्यंत गेली, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु सिलिंडर भरून आणण्याचा खर्च परवडत नाही म्हणून चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, असे चित्र मी आजही अनेक घरांत पाहतो. आयुष्यात एकही विडी न ओढलेल्या, चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांची तपासणी केली की सीओपीडी दिसतो. अशा आया-बहिणी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या घरच्यांना हा आजार धुराचा आहे हेच पटत नाही, कारण त्यांच्या मते त्या तर 'चांगल्या हवेत' राहतात. आपले घर गॅसवर असेल, पण शेजारच्या पडवीतली चूल आपल्या खिडकीखाली आहे का, हे पाहिल्याशिवाय घर ठरवू नका.

ऑक्टोबरबद्दल थोडक्यात सांगतो. डोंगरउतारांवरचे गवत फुलावर येते, त्याचे परागकण हवेत असतात, आणि मग भाताची कापणी व मळणी सुरू झाली की खळ्यावरचे तूस आणि भुसा उडतो. ज्यांना शिंका आणि नाक वाहण्याचा त्रास आहे त्यांना हा महिना जाणवतो. आपल्या वडिलांना तसा त्रास असल्याचे आपण लिहिलेले नाही, तेव्हा तो आपल्या निर्णयाचा मुख्य मुद्दा नव्हे.

आता मोबाइलवरच्या आकड्याकडे येतो. अॅपमध्ये गावाचे नाव दिसते म्हणून तो आकडा त्या गावात मोजलेला असतोच असे नाही. अनेक अॅप्स दूरच्या मापन केंद्रांवरून, उपग्रहाच्या निरीक्षणांवरून आणि गणिती अंदाजावरून तो काढतात. वर सांगितलेला खोलगट भागातला पहाटेचा धूर असल्या अंदाजात सहसा सापडत नाही, कारण तो एखाद-दुसऱ्या किलोमीटरच्या परिघातला असतो. दुसरी गोष्ट अशी की आपला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर आधारलेला आहे. पहाटेची अत्यंत वाईट हवा आणि दुपारची अत्यंत चांगली हवा एकत्र केली की 'समाधानकारक' असा शेरा निघतो, आणि आपले वडील तर त्या सरासरीत श्वास घेत नसतात. तिसरी गोष्ट मानकांची. आपल्याकडे पीएम २.५ चे चोवीस तासांचे मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे आणि निर्देशांकात १०० चा आकडा तिथेच येतो, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादा १५ आहे. त्यामुळे ५१ ते १०० या 'समाधानकारक' पट्ट्यातही फुप्फुसाच्या रुग्णाला त्रास होऊ शकतो. निर्देशांकाच्या अधिकृत वर्णनातच संवेदनशील व्यक्तींना श्वसनाचा किरकोळ त्रास होऊ शकतो असे म्हटलेले आहे.

घरी ठेवायचे लहान मापक यंत्र घेतलेत तर त्याचा उपयोग होतो, पण त्याचीही एक मर्यादा माहीत हवी. ही यंत्रे प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजतात आणि दाट धुक्यात पाण्याचे सूक्ष्म थेंबही कण म्हणून धरतात. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात त्यावर दिसलेला मोठा आकडा पाहून घाबरू नका. हिवाळ्यात संध्याकाळी सात, सकाळी सात आणि दुपारी दोन अशा तीन वेळांचे आकडे वहीत लिहिलेत, तर त्या घराचा स्वभाव पंधरा दिवसांत कळेल. आर्द्रता दाखवणारे यंत्रही सोबत ठेवा आणि झोपण्याच्या खोलीत ती साठ टक्क्यांच्या वर सतत राहते का ते पाहा.

घर निवडताना मी जे पाहीन ते सांगतो. घर गावाच्या सर्वात खोल भागात, नदीपात्राला लागून नसावे. उतारावर थोडे वर आणि पश्चिमेचा वारा मोकळा लागेल असे असावे. लॉजचा बंब, भट्टी, कचरा जाळण्याची जागा किंवा वाहने थांबण्याचा तळ जवळ नसावा. भिंतीत ओल आहे का हे रंग लावून झाकता येते, म्हणून पावसाळ्यात भिंतीला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. त्याच्या मागच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे असे समजा. आणि हवेइतकेच महत्त्वाचे म्हणजे रुग्णालयाचे अंतर. त्र्यंबकहून नाशिक सुमारे अठ्ठावीस किलोमीटर आहे, पण सीओपीडीचा झटका मध्यरात्री, मुसळधार पावसात किंवा यात्रेच्या गर्दीत आला तर तेवढे अंतरही मोठे असते. मास्कद्वारे दाबाने हवा देणारे यंत्र जिथे रात्री उपलब्ध असते असे रुग्णालय आधीच ठरवून ठेवा.

वडिलांच्या बाजूने काय करायचे तेही लिहितो. ते अजून विडी-सिगारेट ओढत असतील, तर घर बदलण्याच्या आधी ते थांबले पाहिजे, कारण जगातली कोणतीही हवा त्याची भरपाई करू शकत नाही. देवघरातली उदबत्ती व धूप आणि रात्रीची डासांची कॉइल बंद करा. रोजचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतात का, हे एकदा डॉक्टरांसमोर करून दाखवायला सांगा, कारण 'औषध लागू पडत नाही' म्हणणाऱ्या पुष्कळ रुग्णांचे औषध तोंडातच राहिलेले मी पाहतो. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. धुराच्या वेळी बाहेर पडावेच लागले तर घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमाल किंवा साधा कापडी मास्क सूक्ष्म कण अडवत नाही. मात्र सीओपीडी वाढलेला असेल तर या मास्कनेही धाप लागू शकते, म्हणून तो आधी घरात लावून पाहावा.

माझा स्पष्ट सल्ला असा की इंदिरानगरचा फ्लॅट आत्ता विकू नका. त्र्यंबकला पसंत पडेल त्या आळीत एक वर्षासाठी घर भाड्याने घ्या. वडिलांनी तिथे फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेर राहावे, उन्हाळ्यात वणवा नसेल ते दिवस घालवावेत आणि जूनही तिथेच काढावा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत त्यांनी नाशिकला यावे. पण त्या काळात ऑगस्टमधला एक आठवडा आणि पुढे डिसेंबरच्या उत्तरार्धातला एक आठवडा आपण स्वतः त्या घरात राहून भिंतीची ओल, खोलीची आर्द्रता आणि सकाळी सातची हवा पाहावी. वडील जिथे असतील तिथे रोज सकाळ-संध्याकाळ पीक फ्लो मीटरचा (जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग मोजणाऱ्या साधनाचा) आकडा, पंपाचे जादा डोस आणि रात्री किती वेळा जाग आली हे एका वहीत लिहून ठेवावे. दम्याच्या भागासाठी पीक फ्लोचा आकडा उपयोगी पडतो, सीओपीडीच्या भागात मात्र तो कमी संवेदनशील असतो, म्हणून उरलेल्या दोन्ही नोंदी तितक्याच काळजीने ठेवाव्यात. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी, आत्ता एकदा करून घ्या आणि वर्षाने पुन्हा करा. दोन्ही अहवाल आणि ती वही घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा, आणि फ्लॅटचे काय करायचे ते त्यानंतर ठरवा.